माझी थाप आणि ठकीची गोळी

आमच्या घरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. बिस्किटे त्यातली केव्हाच संपली. आता त्यात औषधे असतात. असा डबा तुमच्याही घरी असेलच. अर्ध्या संपलेल्या पट्ट्या, कात्रीने कापताना नावाचा निम्मा भाग गेलेल्या गोळ्या, कुणाच्या तरी दाढदुखीतून उरलेल्या चार कॅप्सूल, सर्दीचे मलम आणि एक थर्मामीटर. घरात कुणाचे काही दुखू लागले की कर्ता पुरुष तो डबा उघडतो, चष्मा कपाळावर सरकवतो, पट्टी उजेडाकडे धरतो आणि गोळी काढून देतो. त्या पाच मिनिटांत त्याच्या अंगी वैद्यकीचा जो अधिकार येतो, तो कुठल्याही विद्यापीठाने दिलेला नसतो. मी कॉलेजात मराठी शिकवतो, माझी एम. ए. ची पदवी भाषेची. तरी या डब्यावर वीस वर्षे माझी निर्वेध सत्ता होती. गेल्या श्रावणात ती खालसा झाली, त्याची ही हकीगत.

ठकी ही आमची कुत्री. नऊ वर्षांपूर्वी पावसात जिन्याखाली कुडकुडत बसलेली सापडली. जात विचाराल तर अस्सल देशी. अंग तांबूस, एक कान उभा आणि दुसरा कायमचा पडलेला. डोळ्यांत काजळ घातल्यासारखी काळी रेघ आहे, म्हणून माझ्या मुलीने लाकडी ठकीवरून तिला हे नाव दिले. वजन चौदा किलो. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

श्रावण लागला आणि ठकीचे काही तरी बिनसले. भाकरी हुंगून ती तोंड फिरवी. पाणी मात्र वाडगेच्या वाडगे पिई, आणि रात्रीतून दोनदोनदा दार खरवडून अंगणात जाई. अंगणाच्या तीन पायऱ्या चढताना मध्येच थांबे. माझी स्वतःची कंबर गेली दोन वर्षे धरलेली आहे. माणसाला आपलेच दुखणे साऱ्या जगात दिसते, त्या न्यायाने मी निदान करून टाकले की हिचीही कंबर धरली. पत्नीला बोललो नाही. ती म्हणाली असती, "अहो, आधी डॉक्टरांना दाखवा," आणि माझा अर्धा दिवस मोडला असता. मंगळवारी रात्री सगळी निजल्यावर मी डबा उघडला. माझ्यासाठी आणलेल्या आयबुप्रोफेनच्या चारशे मिलिग्रॅमच्या गोळीचे दोन तुकडे केले, एक तुकडा तूप लावलेल्या पोळीत गुंडाळला आणि तिला भरवला. बुधवारी पुन्हा तेच. त्या खेपेला तिने माझा हात चाटला आणि मला अगदी भरून आले. गुरुवारी सकाळी ती पिवळे पाणी ओकली आणि जागची उठेना.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी पोटाला हात लावला, सोनोग्राफी केली आणि पडद्यावरचे काळे फुगलेले कोपरे मला दाखवले. ठकीच्या गर्भाशयात पू झाला होता. या रोगाला पायोमेट्रा म्हणतात. नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या कुत्रीला माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी तो होतो. पुवातल्या जंतूंचे विष मूत्रपिंडांवर परिणाम करते, म्हणून ती तहान आणि म्हणून ते रात्रीचे दार खरवडणे. कंबरेचा काही संबंध नव्हता. गर्भाशय आणि बीजकोश त्याच दिवशी काढून टाकणे हा खात्रीचा उपाय.

"नसबंदी का केली नाहीत, सर?"

"राहून गेलं."

"गेल्या आठ दिवसांत काही औषध दिलंय? घरातली एखादी गोळी वगैरे?"

"नाही," मी म्हणालो.

हे 'नाही' माझ्या तोंडून इतक्या सहज गेले की मला स्वतःलाही क्षणभर ते खरे वाटले. शेजारी पत्नी उभी होती. समोर एक तरुण मुलगी मला 'सर' म्हणत होती. वर्गात खोटे बोलणाऱ्या पोरांना मी बावीस वर्षे डोळ्यांवरून ओळखत आलो आहे. त्यांच्या डोळ्यांत त्या वेळी काय असते, हे त्या दिवशी मला आतून कळले. संमतीच्या कागदावर सही करून मी बाहेर बाकावर येऊन बसलो. आत ठकीच्या पुढच्या पायावरचे केस कापण्याच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. आठ दिवसांतली गोळी त्यांना कशाला हवी असेल, हा विचार डोक्यातून जाईना. शेवटी उठलो आणि दार ढकलले.

"डॉक्टर, मघाशी मी खोटं बोललो."

त्यांनी फक्त एवढेच विचारले, "कुठली, किती आणि केव्हा?" मी सांगितले. त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावरची एक ओळ खोडली. "बरं झालं आत्ता आलात. रक्ताचा रिपोर्ट ठीक आला असता, तर ऑपरेशन संपता संपता मी हिला मेलॉक्सिकॅम देणार होते. तेही तुमच्या गोळीच्याच कुळातलं. दोन्ही एकमेकांवर चढली असती. आता रिपोर्ट कसाही येवो, आठवडाभर ते नाही."

रिपोर्ट वीस मिनिटांनी आला. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सांगणारे क्रिएटिनीन २.६ होते, त्या कागदावर निरोगी कुत्र्याची मर्यादा १.६ छापलेली होती. त्यातला किती वाटा रोगाचा आणि किती माझा, याचा हिशेब मी डॉक्टरीणबाईंना विचारला नाही आणि त्यांनीही तो मांडला नाही.

पुढे चार-पाच दिवस रोज त्या दवाखान्यात जाणे झाले. मास्तराची खोड अशी की समजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. जे समजले ते असे. शरीरात जखम झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सूज आणि ठणका वाढवण्याचे काम ती करतात. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेलॉक्सिकॅम ही सारी मंडळी या द्रव्यांची निर्मितीच रोखतात. जॉन वेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये हे दाखवून दिले आणि त्या संशोधनासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पण हीच प्रोस्टाग्लँडिने दुसरीकडे सोज्वळ संसारही करतात. पोटाचे अस्तर ती राखतात आणि अंगातले पाणी कमी झाले किंवा रक्तदाब उतरला की मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. ठणक्याची चूल विझवायला जावे तर देवघरातली समईही विझते. कुत्र्याच्या बाबतीत आयबुप्रोफेनची उपयोगाची आणि अपायाची मात्रा इतकी जवळजवळ आहेत की पशुवैद्य ते देतच नाहीत. पोटात व्रण होतात, मात्रा वाढली की मूत्रपिंडे निकामी होतात. आणि आमच्या ठकीच्या शरीरात तर पाणी आधीच कमी पडलेले होते.

माणसाचे औषध ते जनावराचे औषध, या हिशेबाने आपल्या देशाने एकदा फार मोठी किंमत दिली आहे, तिचा उल्लेख इथे केल्यावाचून राहवत नाही. एके काळी गावकुसाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांचा थवा उतरे. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी दखम्यांवर त्यांची कायमची वस्ती असे. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातली संख्या हजारात एक उरावी इतकी घटली. डायक्लोफिनॅक दिलेली गुरे मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडे बंद पडून गिधाडे मेली, हे कारण २००४ साली जगापुढे आले. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकही बंद झाली. डायक्लोफिनॅकच्या जागी जे औषध गिधाडांना निर्धोक ठरले, ते मेलॉक्सिकॅम. गुरांना ठणक्यातून सोडवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माझाही नव्हता.

मग ठकीला ठणक्यासाठी दिले तरी काय? अफूच्या कुळातली इंजेक्शने. भूल देण्याआधी एक, ज्या रेषेवर पोट उघडायचे तिथे बधिरतेचे वेगळे, आणि नंतर ब्युप्रेनॉर्फिन, ज्याचा अंमल सहा-आठ तास टिकतो. या औषधांची वाट प्रोस्टाग्लँडिनवरून जात नाही, म्हणून थकलेल्या मूत्रपिंडांवर तो भार पडत नाही. शिवाय सलाइन चालू होते आणि मी बिघडवलेल्या पोटाच्या अस्तरासाठी निराळे औषध. मी विचारले, "घरी द्यायला ट्रामाडॉलच्या गोळ्या का नकोत? आमच्या शेजाऱ्यांना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याच होत्या." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की माणसाच्या यकृतात ट्रामाडॉलपासून जो खरा वेदनाहारक पदार्थ बनतो, तो कुत्र्याच्या शरीरात फारच थोडा बनतो, म्हणून तोंडाने दिलेल्या गोळीवर एकटीवर त्या विसंबत नाहीत. घरासाठी त्यांनी गॅबापेंटिन दिले, तेही मूत्रपिंडांतूनच बाहेर जाते म्हणून कमी मात्रेत, आणि बजावून सांगितले, "कॅप्सूलच आणा. केमिस्टनं पातळ औषध दिलं तर परत करा." कारण माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेले असते. आपल्याला ते साखरेहून बरे. कुत्र्याच्या रक्तातली साखर मात्र त्याने धाडकन उतरते आणि यकृतही जाऊ शकते. औषधाच्या गोडीतही वैर असू शकते हे मला नवीन होते.

शुक्रवारी संध्याकाळी ठकी घरी आली. गळ्यात प्लास्टिकचे भले मोठे नरसाळे, पोटावर नऊ टाके.

आता खरी पंचाईत सुरू झाली. हिला दुखते आहे का, हे ओळखायचे कसे? आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत पाहा. ठणका, कळ, सणक, चमक, उसण, मुरडा, ठसठस. डोके ठणकते, पोटात मुरडा येतो, गळू ठसठसते, पाठीत उसण भरते. एकाचे क्रियापद दुसऱ्याला चालत नाही. मी हे वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असे. पण ही सगळी संपत्ती बोलणाऱ्याची. जनावरांना फारसे दुखत नाही, किंवा थोडे दुखले तर बरेच, त्यामुळे ती निपचित पडून राहतात आणि टाके तुटत नाहीत, असे मानणारे पशुवैद्यही गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत पुष्कळ होते. पुढे ग्लासगो विद्यापीठातल्या मंडळींनी एक प्रश्नपत्रिकाच तयार केली. कुत्रे कण्हते का, जखमेकडे वळून पाहते का, उठताना-चालताना अडखळते का, जखमेच्या शेजारी दाबले तर काय करते, बसते कसे, त्याचा एकूण नूर कसा आहे? एकूण गुण चोवीस. सहा किंवा अधिक मिळाले तर वेदनाशामक औषधाचा विचार करायचा. जन्मभर पेपर तपासत आलो. पण जास्त गुण मिळू नयेत म्हणून परीक्षक देव पाण्यात घालून बसला आहे, अशी ही पहिलीच परीक्षा.

त्या रात्री मी ठकीजवळ सतरंजी टाकली. दीडच्या सुमारास ती उठली. उभी राहिली ती राहिलीच. बसेना. धापा टाकू लागली आणि बारीक आवाजात कुंकूं करू लागली. मी दिवा लावला. माझ्या मनाने चोवीसपैकी वीस गुण तिथेच देऊन टाकले. डबा कपाटाच्या वरच्या फळीवर होता. खरे सांगतो, इतके रामायण घडल्यावरही माझा हात त्या फळीकडे गेला. आयबुप्रोफेन नको हे कळले होते. पण पॅरासिटामॉल तर आपण तान्ह्या मुलाला देतो! (मांजराला त्याची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते आणि कुत्र्याच्या यकृताला ते घातक होऊ शकते, हे मला दुसऱ्या दिवशी समजले.) डबा हातात घेऊन मी उभा, आणि दारात पत्नी उभी. गुरुवारी घरी आल्यावर तिला मी सगळे सांगितले होते. ती काही बोलली नाही. तिने माझ्या हातातून डबा घेतला आणि फोन दिला.

डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या घंटेला फोन उचलला. आवाज झोपेतला, पण प्रश्न सरळ. हिरड्यांचा रंग कसा आहे? गुलाबी. नाव घेतल्यावर बघते का? बघते. पोटाच्या टाक्यांकडे वळून चाटायला जाते का? नाही. ही इंजेक्शने कधी कधी कुत्र्याला गोंधळून टाकतात आणि त्या गुंगीतही ते असेच कण्हते, असे त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून विचारले, "सर, घरी आल्यापासून तिला लघवीला बाहेर नेलं होतं का?"

आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिलो. दोन दिवस सलाइनच्या बाटल्या चढलेली कुत्री, नऊ वर्षांत घरात एक थेंब न सांडलेली, नरसाळ्यामुळे दारापर्यंत तोंड नेऊन खरवडता येत नव्हते तिला! मी तिला छातीखाली आणि मांड्यांमागे हात घालून उचलले, पायऱ्या उतरलो. पाऊस भुरभुरत होता. ठकी अंगणाच्या मध्यावर बसली आणि इतका वेळ बसून राहिली की पत्नीने छत्री आणून आमच्या दोघांवर धरली. आत आल्यावर ती कुशीवर पडली, एक मोठा सुस्कारा सोडला आणि घोरू लागली. त्या गुंतागुंतीच्या वेदनेवर मी गोळी देणार होतो.

पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ रिक्षाने दवाखान्यात नेऊन इंजेक्शने दिली. रिक्षाचे भाडे मोजत बसलो नाही. ते काम घरच्या खात्याने केले. रविवारी ठकीने प्रथमच वाटीभर भात खाल्ला. नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते: कुत्र्याने कोरडी पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. माझ्या आईने ती गोष्ट आठवून भातावर तूप घालायचा फार आग्रह केला. पण अशा वेळी स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, स्वादुपिंडाला सूज येण्याचे भय असते. आईला म्हटले, "अगं, नामदेवांच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालेलं नव्हतं." आईला ते पटले नाही. ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

बुधवारी क्रिएटिनीन १.४ वर उतरले. माझ्या गोळीला सात दिवस झाले होते. टाक्यांच्या खालच्या टोकाला सूज होती आणि तिथे हात लागला की ठकी अंग चोरी. म्हणून आता तीन दिवस मेलॉक्सिकॅम द्यायचे ठरले. कुत्र्यांसाठी बनवलेले पातळ औषध, सोबत पिचकारी, पिचकारीवर किलोंच्या खुणा. चौदावर दांडा आणायचा, पोटात काही गेल्यावर द्यायचे, दिवसातून एकदाच. ओकारी झाली, खाणे सुटले किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर लगेच थांबवून फोन करायचा. स्टेरॉइड चालू असलेल्या कुत्र्याला हे देत नाहीत, हेही त्यांनी सांगितले. आमच्या शेजारच्या कुत्र्याला खाजेसाठी ते चालू होते, म्हणून तो निरोप मी त्यांच्याकडे मुद्दाम पोचवला. आणि चौदा किलोंचा हिशेब असा: ठकीला लागायचे दिवसाला दीड मिलिग्रॅमहूनही थोडे कमी. माणसांसाठी याच औषधाच्या गोळ्या साडेसात आणि पंधरा मिलिग्रॅमच्या मिळतात. म्हणजे औषध अचूक निवडूनसुद्धा आपल्या डब्यातली पंधराची एक गोळी तिला दहापटींहून जास्त झाली असती. हे वाचून कुणी पिचकारी घेऊन स्वतःच्या कुत्र्याचा हिशेब करू नये. रक्त तपासल्यावाचून ती पिचकारी आमच्याही हाती आली नव्हती.

मेलॉक्सिकॅमच्या दुसऱ्या दिवशी पेपरवाला आला आणि ठकी नरसाळ्यातून भुंकली. नरसाळ्यामुळे आवाज असा काही घुमला की पेपरवाला दोन पावले मागे गेला आणि ठकी स्वतःही दचकली.

बाराव्या दिवशी टाके काढायला गेलो. तिचे वजन पुन्हा केले. तेरा किलो आठशे ग्रॅम. डॉक्टरीणबाईंनी जखमेवरून बोट फिरवले, कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता वर न पाहता विचारले, "मधल्या दिवसांत घरातली काही गोळी दिलीत?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांची लेखणी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही; माझ्या पत्नीकडे पाहिले.

"नाही हो," पत्नी म्हणाली, "डबा आता माझ्याकडे असतो."